हरकत नाही जी

बाबा, आपली बोडी पिवळी झाली आहे. पाणी नव्हे, नकाशातला रंग. साकोली आणि भोवतालची गावं पुढच्या वीसेक वर्षांत कुठे नि कशी वाढतील, याचा नकाशा सरकारने भिंतीवर लावला आहे आणि लोकांच्या हरकती मागवल्या आहेत. शेती हिरवी, पाणी निळं, घरांची जागा पिवळी. एकोडीच्या वाटेवरचं आपलं ते लहानसं तळं, ज्याच्या पाण्यावर खालच्या सगळ्या बांध्यांतलं धान तगतं, ते निळं नाहीच. उन्हाळ्यात वरून फोटो काढला असेल, तेव्हा बोडीत पाणी कुठलं? तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. मी हसलो नाही, आणि धड चिडलोही नाही. तिथेच सगळा घोटाळा आहे.

कारण नागपूरला नोकरी करणारा तुमचा नातू फोनवर म्हणाला, "बाबा, चांगलंच झालं ना! तिथं घर बांधता येते. मी येऊन राहतो. तुम्ही कायले आडवे येऊन राहिले?" त्याने परत यावं म्हणून तर मी इतकी वर्षं देव पाण्यात घालून बसलो होतो. आणि जिला तुम्हीच बोडीत जाळं टाकायची मुभा दिली होती, ती मावशी दारात येऊन म्हणाली, "भाऊ, तू शिकला-सवरला. सांग ना त्यायले, बोडी बुजवू नोका म्हणून. मी जाळं कुठं टाकू मंग?" मी दोघांनाही हो म्हटलं.

धाकटे काका बोडी बुजवून धानाच्या दोन बांध्या काढू म्हणाले होते, तो दिवस आठवतो? आई चुलीवरून भात उतरवते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात. जन्मभर तुमच्या तोंडी एकच वाक्य. कुणी बैल मागितले, हरकत नाही जी. ऐन रोवणीत, हात चिखलात असताना, पाहुणे टपकले, हरकत नाही जी. आई वैतागून म्हणायची, "या माणसाले हरकत असते तरी कवा?" आणि त्या दिवशी तुम्ही ताट बाजूला सरकवता आणि म्हणता, "माही हरकत आहे. खालच्या बांध्यायनं का प्यावं मंग?" आई ताट परत पुढे ओढून भात वाढते.

परवा सुनावणीला गेलो. टेबलामागे एक तरुण मॅडम, शेजारी लिहून घेणारा कारकून. काय बोलायचं ते मी वाटेत घोकून ठेवलं होतं. मॅडम अदबीने म्हणाल्या, "काका, गर्दी फार आहे. थोडक्यात सांगाल का?" आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य गेलं, "हरकत नाही जी." कारकुनाने मान डोलावली, 'हरकत नाही' असं लिहून टाकलं आणि पुढच्याला हाक मारली. थांबा म्हणेपर्यंत मागचा माणूस माझ्या खुर्चीत बसलाही. बाहेर मावशी उभीच होती. "सांगतलं ना भाऊ?" तिने विचारलं. मी म्हटलं, "सांगतलं."

लेखी हरकत सोमवारपर्यंत देता येते. म्हणून आज कागद घेऊन बसलो, तर 'महोदय' लिहायच्या जागी हात 'बाबा' लिहून गेला. आता हे कुठे पाठवू? मावशीचं जाळं डोळ्यांपुढे आणलं की मागे तुमच्या नातवाचं घर उभं राहतं. तुम्हाला त्या दिवशी इतकं स्वच्छ कसं दिसलं? तुमचा मुलगा दूर नागपुरात नव्हता, शेजारीच जेवायला बसला होता, म्हणून?

सोमवारी काय करीन, मला खरंच ठाऊक नाही. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगतो, मावशीला नाही सांगणार. कारकुनाने ते दोन शब्द लिहिले तेव्हा मी थांबा म्हणालो, हे खरं. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं होतं.