दादाच्या डब्यातली गुळपापडी

मेहकर, ता. ४ जानेवारी १९२७

दादा आला. पाणी प्यायला नाही!

नऊ वर्षांनी माझ्या दारात उभा राहिला. मी तांब्या पुढे केला, तर म्हणाला, तहान नाही. वाईहून इथवर आगगाडी, मोटार, धूळ — आणि तहान नाही! थोड्या वेळाने आपला लोटा-दोर घेऊन आडावर गेला, स्वतः पाणी शेंदलं आणि तिथेच उभ्याने घटाघटा प्यायला. मी खिडकीतून पाहत होते.

विधवेने पुन्हा लग्न केलं की तिच्या घरचं पाणीसुद्धा बाटतं. हे मला ठाऊक आहे. ठाऊक असलं म्हणून काही कमी लागत नाही.

हे शाळेतून आले आणि अगदी मनापासून त्याची विचारपूस करत बसले. यांना राग म्हणून येतच नाही. घरातला सगळा राग मलाच करावा लागतो.

ता. ५

ओसरीवर तीन दगड मांडून दादाने आपला भात शिजवून घेतला. आत माझा स्वयंपाक निवत होता.

शेजारच्या सत्यभामाबाईंनी विचारलंच, "मास्तरीणबाई, तुमचा भाऊ काऊन असा परक्यावानी राहून राह्यला?" मी म्हटलं, त्याचं सोवळं कडक आहे. "सोवळं आमच्याबी घरी असते. पर बहिणीशी असं कोनी वागते का?" मी हसले.

संध्याकाळी धीर करून आईचं विचारलं. बरी आहे म्हणाला. गुडघे दुखतात, दिसायला कमी झालंय. मग विचारलं, माझं नाव काढते का कधी?

"रोज काढते," म्हणाला आणि उठून गेला.

रोज नाव काढते, पण नऊ वर्षांत मुलीला एक ओळ पाठवत नाही! सुरुवातीला मी किती पत्रं टाकली! बाबांचं मी समजू शकते, ते तसेच होते. ते गेल्याचंही मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. पण आई? बाबांनंतर तरी?

ता. ६

दादाला मुलूख पाहायचा आहे. बालाजीच्या देवळात नेलं. मूर्तीपुढे बराच वेळ हात जोडून उभा होता. बाहेर आल्यावर मात्र इथल्या बोलण्याची गंमत करत बसला. मी फुलवालीला "मले दोन दे" म्हटलं, तर म्हणाला, तूही यांच्यातलीच झालीस की. झाले! ज्यांनी घरात घेतलं त्यांच्यातली झाले. तोंडावर म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

ता. ८

सिंदखेडचा राजवाडा पाहून झाला. दादा दगडांशी भरभरून बोलतो. माझ्याशी नाही.

ता. ९

दादा ट्रंक उघडून धोतर काढत होता. आत पितळेचा डबा दिसला, झाकण जरा सरकलेलं. वास आला आणि मी जागीच थांबले. गुळपापडी! आईची. वडी थापल्यावर प्रत्येकीवर अंगठा दाबायची तिची सवय. लहानपणी मी हट्टच धरायचे — अंगठ्याची वडीच हवी.

दादाने झाकण लावलं आणि ट्रंक बंद केली.

म्हणजे आईने पाठवली आणि हा देत नाही? का आईने बजावलं, एकट्याने खा, तिला देऊ नको? रात्री यांना सांगितलं. हे म्हणाले, विसरला असेल. विसरला म्हणे!

ता. १०

सकाळी सरळ विचारलं, मला आईकडे नेशील का? पाहू, म्हणाला. हा शब्द मी ओळखते. बाबांचाच आहे.

लोणार, ता. ११

मुक्काम धर्मशाळेत. लिहिल्यावाचून राहवत नाही.

सकाळी वहाब गाडीवानाच्या दमणीतून सुलतानपूरवरून आलो. पोचल्यावर दादा म्हणाला, तू खाली तळ्याकाठी कमळजादेवीला जाऊन ये, तोवर मी वर झऱ्याच्या धारेवर आंघोळ उरकतो. बरं म्हणून उतरू लागले. तळ्याचा कुबट वास नाकात भरला, त्यात चपलेचा अंगठा तुटला. अर्ध्या वाटेवरून मागे फिरले.

धारेपाशी दादा ओल्या धोतराने बसला होता. बोटात दर्भ, पुढे पत्रावळीवर पिंड. बाबांचं करतो आहे असं समजून मी मागे उभी राहिले. भटजींनी विचारलं, भगिनीचं नाव?

दादा म्हणाला, "वच्छला."

आम्हाला दुसरी बहीण नाही. वच्छला मी आहे.

मग त्याने तो डबा उघडला आणि त्या पिंडाशेजारी गुळपापडी ठेवली. तो रडत होता. मी पुढे झाले आणि पत्रावळीवरची वडी उचलली. भटजी ओरडले, "अहो बाई, ते मेलेल्या माणसाचं आहे!"

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "माझंच आहे."

दुपारी दादाने सगळं सांगितलं. माझ्या लग्नाची बातमी आली तेव्हा मानमोडीच्या तापाची साथ होती. बाबांनी आईला सांगितलं, वच्छी वऱ्हाडात तापाने गेली. पत्रं तिच्या दृष्टीस पडू दिली नाहीत. दादा गप्प राहिला, बाबा गेल्यावरही. आता आईने हट्ट धरला, मुलगी जिथे गेली त्या मुलखातल्या तीर्थावर तिला पिंड दे, तिच्या आवडीचं ठेव. दिसत नसताना चाचपडत वड्या थापल्या.

"आईला काही कळवू नकोस, वच्छे. ती आता सावरली आहे. तुझं लग्न ऐकवणार नाही तिला."

मेलेली चालते. सुखात असलेली चालत नाही!

ता. १२

डबा मी काढून घेतला. दादाने दिला.

आणि मी इतकी वर्षं आईला वाटेल ते बोलले. मनातल्या मनात, भाकरी थापताना, कपडे धुताना. ती तिकडे माझ्यासाठी रडत होती.

मेहकर, ता. १४

दादाबरोबर निघते आहे. तो नको म्हणत होता. हे त्याच्यावर प्रथमच चढ्या आवाजात बोलले. आईने उंबऱ्याबाहेर उभं केलं तरी चालेल. बाहेरूनच हाक मारीन आणि विचारीन, अंगठ्याची वडी उरली आहे का.