फ्राउ लिंडनरकडच्या गोळ्या

येना, नोव्हेंबर २०१४

ऊर्मिलाताईस कपिलचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. आईचा गुडघा आता कसा आहे?

क्लबात मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा सराव महागात पडतो, म्हणून परवाना काढून रिकामी काडतुसं घरी मीच पुन्हा भरतो. तांब्याच्या वेष्टणाच्या गोळ्या परवडेनात, तेव्हा साध्या शिशाच्या शोधात फ्राउ लिंडनर म्हणून एक बाई आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांचा नवरा जुना नेमबाज, गेल्या वर्षी वारला. बाई एकट्याच राहतात आणि त्याचं उरलेलं सामान विकतात.

मी सर्वांत स्वस्त डबा उघडून एक गोळी हातात घेतली, तोच आतल्या खोलीतून पुरुषाचा आवाज आला, "आल्झो, त्या नकोत." (आल्झो म्हणजे आपलं 'हं, तर'.) बाईंनी डबा काढून घेतला आणि त्याच किमतीत दुसरा दिला. मी पैसे देऊन निघालो.

पहिल्या डब्यातली ती गोळी मात्र चुकून खिशात राहिली. क्लबच्या प्रशिक्षकांनी ती मोजली. "कपिल, ही तुझ्या रिव्हॉल्व्हरच्या नळीपेक्षा जाड आहे. उडवली असतीस तर हात गेला असता."

काल आभार मानायला गेलो. घरात आम्ही दोघंच, पण टेबलावर कॉफीचे तीन कप भरलेले होते. मी इकडेतिकडे न बघता माझा संपवला. निघताना बाई कप उचलू लागल्या, तर तिन्ही रिकामे होते.

आईला यातलं काही सांगू नकोस. जमलं तर या रविवारी फोन कर, ताई.

तुझा,
कपिल