ब्रॅम तळ्यावर बसला

९ जानेवारी १९३५

डुकराची चरबी! सिनेमातल्या त्या नटाच्या मानेला चरबी फासतात – म्हणजे माझा पुढचा कुत्रा, ब्रॅम, त्याला चाटेल आणि लोकांना वाटेल, केवढी माया. चाळीस वर्षं घसरगाडीला कुत्री जुंपली, हाताने घास एकाला दिला नाही. काम झालं की मासा बर्फावर टाकायचा. गाडी हाकेल त्यानेच टाकायचा.

हॉलिवूडच्या या लोकांना ब्रॅम दिला कुणी, तर अँडर्सने, माझ्या लेकाने. मला न विचारता. वर म्हणतो, "आई, महिनाभरच तर हवाय." महिनाभर डाकेच्या गाडीपुढे कोण, तू धावणार?

११ जानेवारी

कुत्र्याच्या एका पुस्तकावरून सिनेमा काढतायत. आमच्या म्हाताऱ्याने ते मला वाचून दाखवलं होतं. त्यात बाई नव्हती. इथे आहे, रेशमी मोजे घालून. दिग्दर्शकाला विचारलं. "आजी, बाई नसेल तर तिकीट कोण काढील?" म्हटलं, "मग कुत्र्यालाही मोजे घाला."

ब्रॅम नटाचं ऐकत नाही. म्हणून मी पांढरी चादर पांघरून बर्फाच्या ढिगामागे पालथी. हाक मी मारायची, तोंड नटाने हलवायचं. गुडघे गेले.

१४ जानेवारी

नाक कापलं. गोठलेल्या तळ्यावरून घसरगाडी न्यायची होती, आत नट आणि ती बाई. मधोमध ब्रॅम खाली बसला. मी ओरडले. उठेना. ढिगामागून बाहेर येऊन ओरडले. तोंड फिरवून आडवाच झाला, मागची सहा कुत्रीही हलेनात. कॅमेरावाला म्हणाला, "आता आजीलाच जुंपा." सगळे हसले. गाडी तिथेच टाकून, कुत्री सोडवून पायी परतलो.

चरबीने ब्रॅम नासला. दिग्दर्शकाला सांगितलं, तुमच्या गावी घेऊन जा, मला नको. अँडर्स म्हणाला, "आई, रागात बोलू नकोस." बोलले. शब्द दिला.

१५ जानेवारी

मासा टाकला. खाल्ला. शेपूट हलवली नाही. मला शेपूट नाही, नाहीतर मीही हलवली नसती.

१६ जानेवारी

सकाळी अँडर्स ती गाडी आणायला गेला. ब्रॅम बसला होता तिथून दोन हात पुढे काठी टेकवली. आरपार गेली. दोन बोटं बर्फ, खाली वाहतं पाणी. वर ताजं हिम, कुणाला दिसणार.

पुढे बर्फ कच्चा असला तर बसायचं, मी ओरडले तरी उठायचं नाही – मीच शिकवलं होतं त्याला.

दुपारी ब्रॅमला न्यायला येतायत. अँडर्सने दाराशी जायचं नाही. शब्द मी दिला, मोडणार मी. उत्तर मीच देणार.