मेंगाईपलीकडचे पिंजरे

३ डिसेंबर
आज सतरावा दिवस! पहाटे चारला उठा, भाकऱ्या थापा, तोरणा चढा, मेंगाईच्या देवळापलीकडचे बारा पिंजरे बघा, उतरा — की धुणं, गोठा आहेच. आणि कशासाठी? उंदरासाठी! भावकी हसते. "सुलक्षणा उंदरं राखती!"

हसा. कॉलेजच्या अश्लेषा मॅडम म्हणाल्या, हा कोंडाणा उंदीर अख्ख्या जगात आपल्या इकडच्या दोन-चार गडांवरच आहे. तपकिरी, मऊ. धरायचा, वजन करायचं, सोडून द्यायचा. हातात घेतला की त्याची धडधड बोटांना लागते. मला आवडतं ते.

४ डिसेंबर
सकाळी सासूबाईंना सांगितलं, कावळा शिवला. म्हणजे चार दिवस बाजूला, मेंगाईची वाट बंद. पिंजरे धनाजीभावोजींवर सोपवले. धाकटा दीर, ऐकेल वाटलं. दोनदा बजावलं — रोज बघायचे, नाहीतर दारं लावून या!

६ डिसेंबर
"बगून आलो वैनी. रिकामे हायत समदे."

८ डिसेंबर
आज वर गेले. सातव्या पिंजऱ्यात मादी. मेलेली. आत घातलेला कापूस सगळा कुरतडलेला. आचळं दुधानं भरलेली — म्हणजे पिलं कुठंतरी बिळात! दगड उचलून उचलून नखं फुटली. बीळ सापडलं नाही.

भावोजी गड चढलेच नव्हते. चारही दिवस पायथ्याच्या हॉटेलात पत्ते कुटत होते, हॉटेलवालाच म्हणाला. मुडदा बशिवला त्याचा!

९ डिसेंबर
मॅडम भोरहून आल्या. मादी बघून रडल्या. मी चार दिवस का गेले नाही ते कळलं, तशा सासूबाईंवर तुटून पडल्या. "कुठल्या जमान्यात राहता, फुलाबाई? तुमच्या शिवाशिवीनं जीव गेला!" सासूबाई शेणाचे हात तसेच धरून उभ्या. एरवी केवढी जीभ, आज एक शब्द नाही. मीही गप्प.

निघताना मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझा काही दोष नाही गं." अंगावर पाल पडावी तसं झालं.

१० डिसेंबर
कावळा शिवलाच नव्हता. पाय सुजले होते, झोप हवी होती. या घरात बाईला बसायला दुसरं कारण कुठाय? आज सासूबाईंचे पाय धरले, सगळं सांगितलं.

भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ठावं हुतं मला. म्या बी अशीच बसायची."