वेलीवरचा साप

रविवार, संध्याकाळ

पडवळ मला सकाळीच सुचलं होतं. तरी इंटरनेटवरच्या शब्दकोड्यांच्या ग्रुपवर मुद्दाम विचारलं, 'वेलीवरचा साप, विष नाही, चार अक्षरं. अडलंय.' कारण अमेरिकेत कॉम्प्युटर बडवणारा आमचा मिलिंद तिथे असतो. 'सुईदोरा' नावाची बाई म्हणजे त्याची आई, हे त्याला ठाऊक नाही. गणपतीला येणार का, या माझ्या ई-मेलला अजून उत्तर नाही. वेळ नसतो म्हणे. इथे मात्र साहेब लगेच हजर!

ग्रुपचा नियम असा, की उत्तर सांगायचं नाही, फक्त खूण द्यायची. त्याने लिहिलं, 'माझी आई दाण्याचं कूट घालून करायची. मी ताटाखाली लपवायचो.'

करायची? म्हणजे काय, मी गेले की काय? आजच मंडईतून कोवळं पडवळ आणून केलंय. एकटीपुरतं. आणि तू लपवायचास ते मला दिसत नव्हतं, असं वाटतं तुला?

करायची म्हणे.

ग्रुपच्या रीतीप्रमाणे लिहिलं, 'सुटलं. आभारी आहे.'

तत्काळ त्याचं आलं, 'अहो, आभार कसले? कधीही विचारा. मी असतोच.'