विचारपूस

१९ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. इकडे ठीक आहे. बाबांची खोली आवरून झाली, भाड्याचा पलंग परत गेला. त्यांचे चांगले शर्ट हवे असतील तर कळव, गळ्याला तुझंच माप आहे. वहिनीची पाठ कशी आहे?

पत्र मला पहिल्यांदा वाचून नीट कळलं नाही. माणसं इंटरनेटवर कडवी कशी होतात याचा तू अभ्यास करतोस, हे ठाऊक होतं. त्यासाठी 'निष्ठावंत' असं खोटं नाव घेऊन तू बाबांच्याच ग्रुपमध्ये शिरला होतास, हे आत्ता समजलं. नाव बरं शोधलंस. बाबा तिथे आहेत हे तुला नंतर कळलं म्हणतोस. कळल्यावरही बाहेर पडला नाहीस, कारण 'इतका मोकळेपणाने बोलणारा सहभागी पुन्हा मिळाला नसता'. असं वाक्य सख्ख्या बहिणीला लिहायला विद्यापीठात वेगळं शिकवतात का?

आता बाबांचे मेसेज छापायला तुमच्या विद्यापीठाच्या समितीला घरच्या माणसाची परवानगी लागते, म्हणून माझी सही हवी. तर थोडी पुरवणी माहिती देते.

निवृत्तीनंतर बाबांशी बोलायला होतं कोण? मी प्रयोगशाळेतून दमून यायची. तू रविवारी फोन करायचास, "काय, बरंय ना?" आणि ते 'हो हो' म्हणेपर्यंत ठेवायचास. निष्ठावंत मात्र रोज विचारायचा. असं तुम्हाला कधीपासून वाटतं? तेव्हा मनात काय आलं? बाबा मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून, चष्मा पुसून, एका बोटाने उत्तर लिहायला बसायचे.

"बाबा, आधी जेवा. गार होतंय."

"थांब गं. त्याने एवढं विचारलंय, काहीतरी थातूरमातूर लिहून कसं चालेल?"

बाहेरून आलेल्या लोकांबद्दल ते आधी नुसते कुरकुरायचे. जन्मभर पाण्याचे मीटर तपासत त्याच लोकांच्या घरी चहा प्यायलेला माणूस. पण निष्ठावंताला कुरकुर पुरायची नाही. 'जरा सविस्तर सांगा ना.' मग बाबा सविस्तर रागवायचे.

हॉस्पिटलमध्ये त्यांना भरवणारी नर्स त्याच लोकांपैकी होती. पहिल्यांदा त्यांनी तोंड फिरवलं. ती म्हणाली, "आजोबा, राग माझ्यावर काढा, सूपवर कशाला?" बाबांना हसू आलं. मग तिच्या हातून खायला लागले. इतकंच नाही, तिला यायला उशीर झाला की दाराकडे बघत बसायचे.

अशाच एका दुपारी हॉस्पिटलमधून मी तुला फोन केला होता. तू मीटिंगमध्ये होतास. बाबा म्हणाले, जाऊ दे, निष्ठावंताला लिही. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं, 'हॉस्पिटलमध्ये आहे. जमल्यास भेटून जा.'

उत्तर लगेच आलं. मीच वाचून दाखवलं. 'तुमच्या या अवस्थेला तुम्ही कोणाला जबाबदार धरता?'

बाबांचे डोळे भरून आले. "बघ. याला म्हणतात विचारपूस. तुझा दादा विचारतो का कधी?"

मग ते विचारात पडले. इतक्या आपुलकीने विचारलंय तर उत्तर द्यायला हवं. संध्याकाळी नर्स वाटी घेऊन आली, तोवर त्यांना ते उत्तर सापडलं होतं. वाटी हाताने उडवली. तिला काय बोलले ते मी लिहीत नाही. तुझ्या संग्रहात ते शब्द असतीलच. ती खाली बसून फरशी पुसत होती, तेव्हाही बोलत होते. त्यानंतर त्यांनी कोणाच्याच हातचं घेतलं नाही, माझ्याही.

पुढचं तुला माहीत आहे. तू आलास, खांदा दिलास आणि घरी आल्यावर पहिलं विचारलंस, बाबांचा मोबाईल कुठे आहे. मला वाटलं, फोटो हवे असतील.

संशोधक फक्त निरीक्षण करतो, असं तू लिहिलं आहेस. वाचलं.

सही मी करणार नाही. समितीला घरचंच माणूस हवं असेल, तर तू आहेस की. तू कर. 'मृताशी नाते' असं विचारलंय, तिथे स्वतःच्या अक्षरात 'मुलगा' लिही आणि तो कागद समितीसमोर ठेव.

शेवटी नमस्कार लिहायचा राहून गेला, असं मात्र समजू नकोस.

बाबांची मुलगी