पहिली वेलांटी

बाई, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला लिहावं असं कधी वाटलं नाही. आज वाटतंय, तेही एका चुकीमुळे. चूक माझ्या हातून झाली. तुम्ही शिकवलेलं बरोबर लिहायला गेलो म्हणून झाली, आणि तिच्याबद्दल बोलणी खाल्ली आमच्या मॅडमनी. आता दुपारचे साडेतीन वाजलेत. दवाखाना पाचला पुन्हा उघडतो, मॅडमही तेव्हाच येतात. त्यांना खरं सांगायचं की नाही, हे मला कळत नाहीये. तुम्हाला सांगून बघतो.

मी बोरिवलीत दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दहावीला गणितात दोनदा नापास झालो आणि शाळा सुटली, ते तुम्हाला कुणी सांगितलं होतं की नाही माहीत नाही, तुम्ही तेव्हा आजारी होतात. इथे दोन खुर्च्या आहेत. एकीवर सर काम करतात, दुसरीवर मॅडम. पडलेल्या दाताच्या जागी हाडात स्क्रू बसवतात, नंतर त्यावर नवा दात. स्क्रू बसवायच्या आधी पेशंटच्या दंडातून रक्त काढतात, ते काचेच्या नळ्यांमध्ये भरून मी लगेच यंत्रात फिरवतो. थांबलं की नळीत तीन थर दिसतात. वर पिवळसर पाणी, खाली लाल, आणि मधे एक गोळा, अगदी खरवसासारखा हलणारा. आरेच्या तबेल्यातून कुणी चीक आणला की तुम्ही खरवस करायचात ना, तसाच. तो गोळा चिमट्याने उचलायचा, लाल भाग कापून टाकायचा आणि चाळणीच्या डबीत हलकेच दाबायचा, की सायीसारखा पातळ पापुद्रा होतो. सर तो जखमेत ठेवतात आणि वरून टाके घालतात. त्याने भरून यायला मदत होते म्हणतात. नेमकं काय होतं ते मला अजून समजलेलं नाही. सर प्रत्येक पेशंटला सांगतात, "बाहेरचं काही नाही, तुमचंच रक्त, तुमचंच औषध." मला यातला 'तुमचंच' हा शब्द फार भीतिदायक वाटतो. कारण तो खरा ठेवायचं काम माझ्याकडे आहे. नळ्यांवर नावाचे स्टिकर मी लावतो.

मागच्या मंगळवारी एकाच नावाच्या दोन बाया आल्या. नाव लिहीत नाही, पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नसतं. स्टिकर नखाएवढा असतो, त्यावर पहिलं नावच मावतं. एरवी एका वेळी एकच पेशंट असतो, म्हणून तेवढं पुरतं. त्या दिवशी सर म्हणाले, दोघींचं एकाच फेरीत फिरव. मी सकाळीच दोघींचे फॉर्म समोर ठेवून स्टिकर लिहिले होते, प्रत्येकीच्या दोन नळ्यांसाठी दोन-दोन. एकीने आपलं नाव दुसऱ्या वेलांटीने लिहिलं होतं, दुसरीने पहिल्या. दुसरी वेलांटी बरोबर. माझ्या हाताने मला न विचारता चारही स्टिकरवर दुसरी वेलांटी दिली. बाई, त्या दोघींमध्ये फरक असा तेवढाच होता, आणि तो मी दुरुस्त केला.

तुमच्या चारकोपच्या स्वयंपाकघरात तुम्ही मेथी निवडता निवडता मला शुद्धलेखन घालायचात. पहिल्याच दिवशी वहीवर मी माझं नाव पहिल्या वेलांटीने लिहिलं. तुमच्या हातातली जुडी तशीच राहिली. "स्वतःचं नाव चुकवतोस? मग जगाचं काय बरोबर लिहिणार तू?" मी म्हणालो, आई असंच लिहिते. तुम्ही म्हणालात, "आईला सांग, बाईंनी सुधारलंय." शाळेच्या रजिस्टरमध्येही तुम्ही ते सुधारलंत, आणि मला शंभर पानांची नवी वही दिलीत, तिच्यावर तुमच्या हाताने माझं नाव. मला किती बरं वाटलं होतं. दहिसरला घरी येऊन आईला दाखवलं. आईला सही सोडली तर एकच शब्द लिहिता येत होता, माझं नाव. ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरं. बाई म्हणतात तर तसं." त्यानंतर तिने ते कधी लिहिलं नाही. हे मी इतकी वर्षं लक्षात आणलं नव्हतं.

तर, यंत्र थांबतं. मी झाकण उघडतो. चार नळ्या, चारही नळ्यांवर एकच नाव. दोघींच्या नळ्या मी समोरासमोर लावल्या होत्या एवढं आठवतं, पण खोबण्यांवरचे आकडे केव्हाच झिजून गेलेत, आणि चक्र थांबतं ते कुठेही.

"काय रे, आण ना! उघडं ठेवून बसलोय मी इथे."

"एक मिनिट, सर."

"मिनिट कसलं? लग्नाचा मुहूर्त काढतोयस का?"

फिरवायच्या आधी मॅडमनी त्यांच्या पेशंटची एक नळी रक्ताचा थेंब लागला म्हणून स्पिरिटच्या बोळ्याने पुसली होती. स्टिकरला तो बोळा लागलाही नव्हता. बोळा तिथेच ट्रेमध्ये पडला होता. मी तो उचलला आणि चारही स्टिकरवरून फिरवला. मग म्हणालो, "सर, शाई पुसली गेलीये. कुणाची कुठली कळत नाही."

सरांनी चारही नळ्या टाकून द्यायला लावल्या. परत रक्त काढावं लागलं. मॅडमच्या खुर्चीवरची मावशी मालवणकडची, अर्धं तोंड बधिर, तरी ऐकेना. "माका परत टोचतलस? मेल्या, हय काय रक्तदानाचा शिबिर लावलंस?" सगळे हसले, सर सोडून. ते मॅडमना सगळ्यांदेखत म्हणाले, "स्पिरिटने नळ्या पुसायच्या नसतात, एवढं कॉलेजात शिकवत नाहीत का?" आणि मॅडमना ते पटलं, कारण एक नळी तर त्यांनी खरंच पुसली होती. संध्याकाळी त्याच मला म्हणाल्या, "सॉरी हं, माझ्यामुळे तुझी धावपळ झाली."

एकीचं रक्त मी दुसरीकडे जाऊ दिलं नाही, हे खरं आहे. मी खोटं बोललो, हेही खरं आहे. खोटं बोललो म्हणूनच ते वाचलं की काय, इथे माझा गोंधळ होतो. नुसतं "सर, चारही नळ्यांवर एकच नाव आहे" म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण मग त्यांनी फॉर्म बघितले असते.

आज सकाळी मावशी टाके काढायला आली. जखम छान भरलीये. फॉर्मवर मी नवा स्टिकर लावला होता, तो बघून म्हणाली, "ही कोण? ही मी न्हय. माझी वेलांटी पयली."

"मावशी, दुसरीच बरोबर असते."

"तुका बरोबर असात. माझ्या बापाशीन लिवल्यान ती पयली. बँकेवाल्यांनी दोनदा परत धाडल्यानी माका, तरी मी बदलूक नाय."

ती गेल्यावर मॅडमनी विचारलं, "पहिली-दुसरी वेलांटी म्हणजे काय असतं रे?" त्या इंग्रजी शाळेतल्या. मी कागदावर ते नाव दोन्ही प्रकारे लिहून दाखवलं. त्यांनी दोन्ही वाचलं. "सेमच तर आहे. मग फरक काय पडतो?"

सांगायची वेळ तीच होती, बाई. मी म्हणालो, "काही नाही, मॅडम."

हे सगळं मी तुमच्याच वहीच्या उरलेल्या पानांवर लिहितोय. वहीतून पान फाडलेलं तुम्हाला चालायचं नाही, म्हणून हे इथेच राहील. पाचला दहा कमी आहेत. खाली मॅडमची स्कूटर लागल्याचा आवाज आला. त्यांना सांगायचं वाक्य मी इथे आधी लिहून ठेवलंय: मॅडम, ते स्टिकर मी पुसले. यात एक वेलांटी पहिली आहे, एक दुसरी, दोन्ही बरोबर आहेत. मी तीनदा तपासलं. आता चौथ्यांदा तपासतोय.